फोनमधलं ई-सिम हटवताना: कधी, कसं आणि कोणत्या क्रमानं

ई-सिम फोनमधून हटवायला अर्धा मिनिट पुरतो. पण चुकीचं ई-सिम हटवलं, किंवा बरोबरचंच पण चुकीच्या वेळी हटवलं, तर नंबर परत सुरू करायला ओळखपत्र घेऊन मोबाइल कंपनीच्या दुकानात जावं लागू शकतं. नवं सिम मिळाल्यावरही पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. बटण कुठे आहे ते पुढे सांगितलंच आहे, पण ते दाबण्याआधीचा भाग नीट वाचा. बहुतेक घोळ तिथेच होतात.

हटवतो म्हणजे नेमकं काय करतो

ई-सिमची चिप फोनच्या सर्किट बोर्डवरच बसवलेली असते, ती काढता येत नाही. आपण काढतो ते तिच्यात उतरवलेलं कंपनीचं प्रोफाइल. चिपचा स्वतःचा ३२ अंकी क्रमांक असतो, त्याला ईआयडी म्हणतात. प्रत्येक प्रोफाइलला १९ किंवा २० अंकी वेगळा क्रमांक असतो, तो आयसीसीआयडी. भारतीय कंपन्यांच्या सिमवर तो ८९९१ ने सुरू होतो. एका चिपमध्ये अनेक प्रोफाइलं राहू शकतात. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयफोनमध्ये आठ किंवा त्याहून जास्त मावतात, मात्र एका वेळी दोनच लाइन चालू राहतात.

प्रोफाइल हटवलं की ते फोनमधून जातं. नंबर कंपनीकडे तसाच जिवंत राहतो. पोस्टपेड असेल तर बिल येत राहतं, प्रीपेड असेल तर रिचार्जचे दिवस संपत राहतात. प्लॅन बंद करणं हे कंपनीकडे करायचं काम आहे, फोनच्या सेटिंग्जमध्ये ते होत नाही. महिन्याचं बिल थांबावं म्हणून ई-सिम डिलीट करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची थकबाकी चढत जाते.

म्हणून आधी ठरवा, तुम्हाला काय हवंय. काही दिवस त्या नंबरचा त्रास नको असेल तर हटवू नका, लाइन फक्त बंद करा. नंबर दुसऱ्या फोनवर न्यायचा असेल तर तो तिथे सुरू होईपर्यंत इथे हात लावू नका. नंबरच सोडायचा असेल तर आधी कंपनीकडे बंद करा, मग फोनमधून काढा. हटवणं हे यातल्या प्रत्येक ठिकाणी शेवटचं पाऊल आहे.

बरोबर लाइन कोणती, हे आधी तपासा

फोनमध्ये दोन-तीन सिम असली की त्यांची नावं ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’, ‘ट्रॅव्हल’ अशी दिसतात आणि काही वेळा शेजारी नंबरही दिसत नाही. दोन्ही लाइन एकाच कंपनीच्या असतील तर चुकायला वेळ लागत नाही. सगळ्यात भरवशाची खूण अशी: जी लाइन हटवायची आहे ती आधी फक्त बंद करा. आयफोनवर त्या लाइनच्या पानावर ‘टर्न ऑन धिस लाइन’चं बटण असतं, अँड्रॉइडवर ‘यूज सिम’ किंवा सिमच्या नावापुढचं बटण. आता दुसऱ्या फोनवरून त्या नंबरला फोन लावा. लागला नाही तर तुम्ही योग्य लाइन पकडली आहे. रिंग वाजली तर थांबा, लाइन पुन्हा चालू करा आणि दुसरी तपासा. बंद केल्यावर नेटवर्कमधून लाइन जायला थोडा वेळ लागतो, म्हणून एखादा मिनिट थांबून मग फोन लावा.

आयफोनवर आणखी एक खात्री करता येते. ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘अबाउट’ या पानावर खाली प्रत्येक सिमचा आयसीसीआयडी दिलेला असतो. कंपनीच्या ईमेलमध्ये आलेल्या क्रमांकाशी तो जुळवून पाहा.

आयफोनवर

१. वाय-फाय चालू ठेवा. हे का, ते पुढे येईल.
२. ‘सेटिंग्ज’ उघडा आणि ‘मोबाइल सर्व्हिस’वर जा. आयओएसची आवृत्ती आणि फोनचा प्रदेश यानुसार हेच पान ‘मोबाइल डेटा’ किंवा ‘सेल्युलर’ या नावानं दिसू शकतं.
३. ‘सिम्स’खालच्या यादीतून हटवायची लाइन निवडा.
४. पानाच्या तळाशी ‘डिलीट ई-सिम’ असेल, त्यावर दाबा. जुन्या आयओएसवर तिथे ‘रिमूव्ह मोबाइल प्लॅन’ किंवा ‘रिमूव्ह सेल्युलर प्लॅन’ लिहिलेलं असतं.
५. फोन पुन्हा विचारेल. नंबर वाचा, मगच होकार द्या.

हटवलेली लाइन कॉलसाठी किंवा इंटरनेटसाठी ठरवलेली असेल तर लगेच त्याच पानावर ‘डिफॉल्ट व्हॉइस लाइन’ आणि ‘मोबाइल डेटा’ या दोन्ही ठिकाणी उरलेली लाइन निवडलेली आहे ना ते पाहा. मेसेजेस आणि फेसटाइमच्या सेटिंग्जमध्येही गेलेला नंबर टिक केलेला राहिला असेल तर काढा. नाहीतर समोरच्या आयफोनवाल्याचे मेसेज त्या जुन्या नंबराकडे जाऊ पाहतात.

अ‍ॅपल वॉचचा सेल्युलर प्लॅन घड्याळाच्या स्वतःच्या चिपमध्ये असतो. तो आयफोनवरच्या ‘वॉच’ अ‍ॅपमध्ये, मोबाइल सेवेच्या पानावर, प्लॅनच्या नावाशेजारच्या माहितीच्या चिन्हावर दाबून काढायचा. घड्याळ अनपेअर करताना फोन प्लॅन ठेवायचा की काढायचा ते विचारतो. तेच घड्याळ पुन्हा जोडायचं असेल तर ठेवा, विकायचं असेल तर काढा. त्याचे पैसे थांबवायला मात्र कंपनीलाच सांगावं लागतं.

सॅमसंग, पिक्सेल आणि बाकीचे

सॅमसंगवर ‘सेटिंग्ज’मधून ‘कनेक्शन्स’, तिथून ‘सिम मॅनेजर’. ई-सिमच्या नावावर दाबलं की ‘रिमूव्ह’ किंवा ‘डिलीट’चा पर्याय दिसतो.

पिक्सेलवर ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘सिम्स’, मग ती लाइन. तळाशी ‘डिलीट ई-सिम’ असतं, जुन्या अँड्रॉइडवर ‘इरेझ सिम’. पिक्सेलमध्ये एक उपयोगी सोय आहे आणि ती फार थोडे लोक चालू करतात: सुरक्षेच्या सेटिंग्जमधलं ‘कन्फर्म सिम डिलीशन’. ते चालू असलं की ई-सिम हटवण्याआधी बोटाचा ठसा किंवा पिन लागतो. उघडा फोन लहान मुलांच्या किंवा अनोळखी हातात पडला तरी नंबर जात नाही. आज ई-सिम हटवणार नसलात तरी हे चालू करून ठेवा.

मोटोरोलाची मांडणी साधारण पिक्सेलसारखीच आहे. वनप्लस, शाओमी, व्हिवो यांच्या मेनूंची नावं आवृत्तीगणिक बदलतात. तिथे सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘ई-सिम’ लिहिणं हा सगळ्यात जवळचा रस्ता.

वाय-फाय चालू का ठेवायचं

इंटरनेट नसतानाही प्रोफाइल फोनमधून पुसलं जातं. अडचण नंतर येते. हटवल्यावर फोन ‘हे प्रोफाइल आता इथे नाही’ असा निरोप कंपनीच्या ई-सिम सर्व्हरला पाठवतो. तो निरोप पोचला नाही, तर सर्व्हरच्या दप्तरी ते प्रोफाइल तुमच्याच फोनवर बसलेलं राहतं. मग पुढे ते पुन्हा उतरवायला गेलात की ‘कोड आधीच वापरला आहे’ किंवा ‘कोड वैध नाही’ असं उत्तर येऊ शकतं. फोन असे राहिलेले निरोप इंटरनेट मिळाल्यावर पाठवतो. पण मधल्या काळात फोन बंद करून विकून टाकला, तर ते राहूनच जातं.

तसंही ई-सिम फोनमध्ये उतरवायला कंपनी पाठवते तो क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. ईमेलमध्ये जुना कोड आहे म्हणून ई-सिम कधीही परत टाकता येईल, या भरवशावर हटवू नका.

नंबर दुसऱ्या फोनवर नेताना

आधी नव्या फोनचा ईआयडी आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून ठेवा. डायल पॅडवर *#०६# टाकलं की ई-सिमच्या बहुतेक फोनांवर दोन्ही दिसतात. मग कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा एसएमएसनं नव्या फोनसाठी ई-सिम मागवा. एअरटेलला हा एसएमएस १२१ वर जातो, जिओ आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) यांना १९९ वर. मजकुराची पद्धत प्रत्येकाची वेगळी आहे. एअरटेल आणि व्ही यांना नोंदवलेला ईमेल पत्ता लागतो, जिओला ईआयडी आणि आयएमईआय. ही विनंती त्याच नंबरवरून करायची असते, आणि होकार मागणारे एसएमएसही त्याच नंबरवर येतात. जुन्या फोनवरचं ई-सिम आधी काढलंत तर विनंती पाठवणार कशावरून? दुकानाची फेरी पडते ती इथेच.

नव्या फोनवर नंबर सुरू झाला की जुन्या फोनवरची लाइन आपोआप मरते, ‘नो सर्व्हिस’ दिसू लागतं. नव्या फोनवरून एक कॉल करून आणि एक घेऊन पाहा. मगच जुन्या फोनमधलं मेलेलं प्रोफाइल हटवा. आयफोननं सेटअपच्या वेळी नंबर दुसऱ्या आयफोनकडे सरकवण्याची सोय दाखवली, तरी हाच नियम: सरकवणं पूर्ण होईपर्यंत काही डिलीट करायचं नाही.

सिम बदलल्यावर २४ तास येणारे आणि जाणारे, दोन्ही एसएमएस बंद राहतात. सिम चोरून खातं रिकामं करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून दूरसंचार विभागानं हे बंधन घातलं. त्याचा तुमच्यावर परिणाम असा की नव्या फोनवर यूपीआय अ‍ॅप त्या दिवशी सुरू होणार नाही, कारण ते तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवून नंबर पडताळतं. वारंवार प्रयत्न करू नका, अ‍ॅप तात्पुरतं अडकू शकतं. घरभाड्याचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा दिवस असेल तर फोन बदलायचं काम दोन दिवस पुढे ढकला.

कंपनी बदलायची असेल, म्हणजे पोर्ट करायचं असेल, तर क्रम आणखी महत्त्वाचा. १९०० वर एसएमएसनं पोर्टची विनंती जाते ती जुन्या सिमवरून, आणि कोड येतो तोही जुन्या सिमवर. महाराष्ट्र-गोव्यात तो ४ दिवस चालतो. शिवाय १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सिम नुकतंच बदललं असेल तर ७ दिवस पोर्ट करता येत नाही. म्हणून पोर्ट करणारच असाल तर त्याआधी कार्डाचं ई-सिम किंवा ई-सिमचं कार्ड करत बसू नका. नव्या कंपनीचं सिम सुरू झालं की जुनं ई-सिम निरुपयोगी होतं, तेव्हा ते काढा.

नंबर कायमचा सोडताना

पोस्टपेड असेल तर कंपनीकडे बंद करण्याची लेखी विनंती नोंदवा, विनंतीचा क्रमांक घ्या, शेवटचं बिल भरा. प्रीपेडमध्ये रिचार्ज न करता सोडून देणं हीच रूढ पद्धत आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदत वाढते.

बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि तुमचे ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जाऊ शकतात. म्हणून ई-सिम हटवण्याआधी, नंबर जिवंत असतानाच, या ठिकाणचा नंबर बदलून घ्या: सगळ्या बँका, आधार, पीएफ, डिजिलॉकर, डीमॅट, गॅस, आयकर, ईमेलचं खातं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्यांना तुमचा नंबर लावलेला असतो, तोही आठवा. आई-वडिलांच्या पेन्शनचं खातं या यादीतून सर्रास सुटतं.

व्हॉट्सअ‍ॅप सिम गेल्यावर लगेच बंद पडेलच असं नाही, त्यामुळे ते विसरायला होतं. ‘अकाउंट’मधल्या ‘चेंज नंबर’नं खातं नव्या नंबरवर न्या. चॅट आणि गट तसेच राहतात.

आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येतं. एका व्यक्तीला ९ ची मर्यादा आहे, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६ ची. बंद केलेला नंबर काही आठवड्यांनीही यादीत दिसत असेल तर तिथेच ‘नॉट रिक्वायर्ड’ अशी नोंद करा.

प्रवासातली ई-सिमं

जपान-युरोपच्या सहलीसाठी घेतलेलं डेटा ई-सिम मुदत संपली तरी फोनमध्ये बसून राहतं. ते पैसे खात नाही, बॅटरीही खात नाही, फक्त लाइन बंद ठेवा. परत त्याच भागात जायचं असेल तर काही कंपन्या त्याच प्रोफाइलवर नवा डेटा भरून देतात. तो पर्याय अ‍ॅपमध्ये पाहून मगच हटवा. घरी परतल्यावर क्रम असा: आधी इंटरनेटसाठी भारतीय लाइन निवडा, तिचं नेट चालतंय ते पाहा, मग प्रवासाचं ई-सिम काढा.

प्रवासात असताना नेट चालत नाही म्हणून ई-सिम डिलीट करून पुन्हा टाकायला जाणं, ही सगळ्यात महागडी चूक. कोड एकदाच चालणारा असतो आणि भरलेले पैसे जातात. नेट न चालण्याचं नेहमीचं कारण साधं आहे: अशी बरीच ई-सिमं दुसऱ्या देशाच्या कंपनीची असतात आणि रोमिंगवर चालतात. म्हणून त्या लाइनचं ‘डेटा रोमिंग’ चालू असावं लागतं, आणि भारतीय लाइनचं बंद. हे पाहा, फोन बंद करून चालू करा, तरीही नसेल तर एपीएन, म्हणजे त्या लाइनची इंटरनेट जोडणीची सेटिंग, तपासा. डिलीटचा विचार कंपनीनं सांगितल्यावरच करा.

आणि परदेशात असताना भारतीय ई-सिमला अजिबात हात लावू नका. दुबई, सिंगापूर किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी तर भारतातल्या बँकेचा एकमेव दुवा तो नंबर असतो. तिथे जवळ कंपनीचं दुकान नाही आणि तुमच्या जागी घरच्या दुसऱ्या कुणाला नवं सिम सहजी मिळत नाही. ओटीपी यायला त्या लाइनवर इंटरनॅशनल रोमिंग सेवा चालू असावी लागते, ती निघण्याआधी चालू करून घ्या.

हटत नसेल तर

‘डिलीट’चं बटण दिसतच नाही किंवा फिकं दिसतं, याचं एक कारण ऑफिसचा फोन. ऑफिसच्या आयटी विभागाच्या ताब्यातल्या फोनवर ई-सिम बदलण्याला बंदी घालता येते, ती तेच उठवू शकतात. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’च्या निर्बंधांत मोबाइल सेवेतले बदल अडवलेले आहेत का तेही पाहा. मुलांच्या फोनवर हे हमखास असतं.

‘डिलीटिंग’ म्हणत फोन अडकून बसला तर पाच मिनिटं वाट पाहा, मग फोन बंद करून चालू करा. परत आल्यावर यादी पाहा, बऱ्याचदा ते गेलेलं असतं. नसेल तर आधी लाइन बंद करा, मग हटवा. सॉफ्टवेअरचा अपडेट बाकी असेल तर तोही करून घ्या. एवढ्यासाठी पूर्ण फोन रीसेट करू नका.

चुकून भलतंच ई-सिम गेलं तर वाय-फायवर कंपनीचं अ‍ॅप उघडून पाहा, काही वेळा तिथून नवं ई-सिम मागता येतं. ओटीपी त्याच नंबरवर मागत असेल तर दुकान गाठा. ज्याच्या नावावर नंबर आहे त्यानंच, मूळ ओळखपत्र घेऊन जायचं.

फोन विकताना आणि फोन चोरीला गेल्यावर

फॅक्टरी रीसेट केलं म्हणजे ई-सिम गेलंच असं धरू नका. आयफोनवर ‘इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ करताना ई-सिम ठेवायचं की हटवायचं हे विचारलं जातं. विकताना हटवण्याचा पर्याय घ्या. अँड्रॉइडवर बहुधा ‘इरेझ ई-सिम’ अशी टिक करायची चौकट असते, ती टिक केलेली आहे ना ते पाहा. ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ हे वेगळं काम आहे, त्यानं वाय-फायचे पासवर्ड जातात. विकताना नंबर नव्या फोनवर चालू झालाय, व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय तिकडे चालतंय, हे पाहूनच जुना फोन पुसा. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे करू नका.

फोन चोरीला गेला तर ई-सिम दुरून डिलीट करण्याच्या मागे लागू नका. पहिला फोन मोबाइल कंपनीला, नंबर थांबवायला. मग पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत लावून संचार साथीच्या सीईआयआर विभागात, म्हणजे हरवलेले-चोरलेले फोन रोखण्याच्या सोयीत, आयएमईआय रोखण्याची विनंती. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

कुणी फोन करून ‘तुमचं ई-सिम अपडेट करायचं आहे, हा ३२ अंकी क्रमांक कंपनीला एसएमएस करा’ म्हणालं, तर तो क्रमांक त्या भामट्याच्या फोनचा ईआयडी असतो. तो पाठवून होकार दिलात की तुमचा नंबर त्याच्या फोनवर चालू होतो आणि तुमच्या फोनची रेंज जाते. रेंज अशी अचानक गेली आणि परत येत नसेल, तर दुसऱ्या फोनवरून तत्काळ कंपनीला आणि बँकेला कळवा.